शेडमागचा खड्डा

विहिरीचं पाणी त्या उन्हाळ्यात इतकं खाली गेलं की मोटर पंधरा-वीस मिनिटं चालली की धापा टाकायला लागायची. तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांवर घरातली धाकटी सून आपली रोपवाटिका जगवत होती. घरामागं हिरव्या जाळीखाली तिचे ट्रे मांडलेले असायचे. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी. सकाळी सहाला ती मोटर लावायची, दोन पिंपं भरून घ्यायची आणि मग झारीनं एकेक ट्रे भिजवायची. पाइपनं पाणी मारायचं तिनं कधीच सोडलं होतं. डावा हात कमरेवर, उजव्या हातात झारी, असं वाकून वाकून तिच्या पाठीत एक गोळा धरला होता, तो रात्री झोपल्यावरही सुटायचा नाही.

आणि त्याच विहिरीच्या पाण्यानं दर रविवारी तिचा थोरला दीर आपली गाडी धुवायचा.

हा दीर बसवर ड्रायव्हर होता. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळे त्याला ड्रायव्हरसाहेबच म्हणायचे, आणि कुणी नुसतं काका म्हटलं तर त्याला ऐकू यायचं नाही. बत्तीस वर्षांत बसला एक ओरखडा नाही, हे तो पहिल्या भेटीत सांगायचा आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगायचा. गॅरेजवाल्यांवर त्याचा विश्वास नव्हता. ज्याला चालवता येत नाही तो दुरुस्तीत शिरतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून गाडीचं ऑइल तो स्वतः बदलायचा. त्याचा एक सोहळाच असायचा. मागच्या चाकांना विटा, पुढची चाकं फळ्यांवर चढवलेली, खाली गोणपाट अंथरलेलं, आणि त्यावर ड्रायव्हर उताणा. गल्लीतले चारजण भोवती उभे. हळूहळू तो त्यांच्याही गाड्यांचं ऑइल बदलून द्यायला लागला. मास्तरांची गाडी, किराणावाल्याची, कंपाउंडरची. फुकट. मोबदला म्हणून त्यांनी फक्त उभं राहून ऐकायचं.

निघालेलं काळं तेल गाडीच्या शेडमागच्या खड्ड्यात जायचं. चार वर्षं जात होतं. "जमिनीतूनच काढलेलं असतं ते, जमीन घेते परत," असं तो म्हणायचा आणि मास्तर मान डोलवायचे. शेडपासून विहीर बारा पावलांवर होती. खड्ड्याशेजारीच गाडी धुतली जायची, आणि धुतल्याचं पाणी खड्ड्यातच उतरायचं.

वैशाखात टोमॅटोची रोपं पिवळी पडली. आधी धाकटीला वाटलं, ऊन. मग वाटलं, बुरशी. तिनं एक रोप उपटून मुळं धुतली, बोटांत चोळली आणि नाकाशी नेली. वास मातीचा नव्हता. ती उठून पिंपापाशी गेली, झाकण बाजूला केलं आणि पाण्यावर उजेड पडू दिला. निळा-जांभळा तवंग पाण्यावर पसरला होता आणि तिच्या श्वासानं हलत होता.

धाकटा, म्हणजे तिचा नवरा, लाकडाच्या वखारीत कामाला होता. तो आरशासमोर भांग पाडत होता.

"पिंपात तेल आलंय," ती म्हणाली.

"मोटरचं ग्रीस असेल."

"ग्रीस असं पसरतं का? दादांचा तो खड्डा—"

"आता दादाला काही बोलू नकोस," त्यानं कंगवा पुसून खिशात घातला. "मी बघतो."

मी बघतो म्हणजे काय ते धाकटीला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तो गेला आणि ती सरळ पुढच्या अंगणात गेली.

मास्तरांची गाडी फळ्यांवर होती आणि ड्रायव्हर तिच्याखाली. बाहेर फक्त त्याचे दोन पाय दिसत होते, टाचा भेगाळलेल्या, एका अंगठ्याला फडकं. धाकटी त्या पायांशी बोलली.

"भाऊजी, विहिरीच्या पाण्यावर तेल येतंय."

"सतराचा पाना," पाय म्हणाले. मास्तरांनी पाना दिला.

"भाऊजी, माझी रोपं जळली. वास येतोय पाण्याला."

"मोटरचं सील गेलंय तुझ्या," खालून आवाज आला. "मी मागच्या महिन्यातच म्हणालो होतो. मोटर म्हणजे इंजिनच असतं, पण बायकांना ते बटण वाटतं."

मास्तर हसले. हसल्यावर त्यांना कसंतरी वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच रुमालानं तोंड पुसलं.

"सील दिवाळीला बदललं—" म्हणता म्हणता ती थांबली, कारण गाडीखाली नट निघाला आणि काळी धार परातीत पडायला लागली. परात भरली. ड्रायव्हर घसटत बाहेर आला, उठला, आणि तिच्या डोळ्यांदेखत परात उचलून शेडमागं गेला. ओतल्याचा आवाज आला. जाडसर, गुळगुळीत. परत येऊन त्यानं हात पुसले आणि मास्तरांना म्हणाला, "फिल्टरपण बदलायचा का?"

धाकटीनं त्या दिवशी ठरवलं की या माणसाशी वाद घालायचा नाही, याच्यासमोर पुरावा ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी तिनं विहीरवाल्याला बोलावलं. गाळ काढणारा, बारीक, सुकलेला माणूस, बोलायला कंजूष. तो लोखंडी कड्यांवरून खाली उतरला, तळाशी दहा मिनिटं होता, आणि वर आला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापर्यंत काळा होता. त्यानं तो कुणाला लागू नये म्हणून अंगापासून दूर धरला होता.

"शेडच्या बाजूची कपार पाझरतेय," तो म्हणाला. "पाणी होतं तोवर कळलं नसेल. आता पाणी पाइपाच्या तोंडाशी, फुटव्हॉल्व्हपाशी आलंय, तर वरचा तवंग सगळा मोटरीत."

गल्लीतले पाच-सहाजण जमले होते. ड्रायव्हर बनियनवर येऊन कठड्याला टेकला होता.

"विहिरीत उतरणाऱ्याला तेलातलं काय कळतं?"

विहीरवाल्यानं हात पुढं केला. "मला नाही कळत. तुम्ही सांगा, कुठल्या गाडीचं आहे हे."

कुणीतरी खुसखुसलं. ड्रायव्हरचे कान लाल झाले आणि मग त्यानं धाकटीकडं वळून मोठ्यानं विचारलं, "आणि जाळीचे खांब वाळवी खाते म्हणून माझ्याकडनं डबाभर काळं तेल कुणी नेलं होतं? सांग की सगळ्यांना."

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी तिनं डबा मागून नेला होता आणि ब्रशनं खांबांना फासला होता. त्या वेळी तिला तो चांगला उपयोग वाटला होता. तिनं मान खाली घातली नाही, एवढंच.

उत्तर आलं थोरलीकडून, ड्रायव्हरच्या बायकोकडून. ही बाई तीस वर्षं नवऱ्याच्या मागं उभी राहून त्याचं बोलणं ऐकत आलेली. माणसांत तिचा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता. ती पुढं आली, पदर बाजूला केला आणि दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत लोकांसमोर धरले. कातडी लाल, खवले धरलेली, खाजवून खाजवून फुटलेली.

"दीड महिना झाला," ती म्हणाली. "ह्याच पाण्यात धुणं, ह्याच पाण्यात भांडी. प्यायला तेवढं पंचायतीच्या टाकीचं. कंपाउंडर म्हणाले साबण बदला. तीन साबण बदलले."

कंपाउंडर गर्दीतच होता. तो जरा मागं सरकला.

"हे विहिरीमुळंच कशावरून?" ड्रायव्हर म्हणाला, पण बायकोकडं बघून नाही.

"बरं," थोरली म्हणाली. "मग आजपासून तुम्ही ह्याच विहिरीचं प्या."

ती घरात गेली, तांब्याभर विहिरीचंच पाणी आणलं आणि कठड्यावर त्याच्या हाताशी ठेवलं. ड्रायव्हरनं तांब्याला हात लावला नाही. लोक थोडा वेळ थांबले, काही होतंय का बघितलं, आणि एकेक करून पांगले. तांब्या संध्याकाळपर्यंत तिथंच होता.

खड्डा उकरायला दोन दिवस लागले. धाकट्यानं वखारीतून सुट्टी घेतली. त्यासाठी धाकटीला एक अख्खी सकाळ त्याच्याशी न बोलता काढावी लागली होती. वरची कोरडी माती निघाली की खाली काळा, चिकट थर लागायचा. कुदळीचा घाव बसायचा पण आवाज यायचा नाही, जसं काही मांसात बसतंय. फावड्याला माती चिकटायची, ती पायानं सोडवायला लागायची. घमेली उचलून उचलून थोरलीच्या आणि धाकटीच्या डोक्यावरचं फडकं काळं झालं, कपाळ काळं झालं. वासानं दुपारी जेवण जाईना. कंबरभर खोल गेल्यावरही माती काळीच होती. धाकटा थांबून पाठ ताणायचा आणि दादाकडं बघायचा.

दादा शेडच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेला. त्याला गप्प बसवत नव्हतं. "कुदळ अशी नाही धरायची." "पोती शिगोशिग भरू नका, फाटतील." "इथं कोपऱ्यात राहिलंय." धाकटा प्रत्येक वेळी "हां दादा" म्हणायचा आणि सांगितलं तसं करायचा. धाकटीला दोघांतल्या कुणाचा जास्त तिरस्कार वाटतोय हे ठरवता येईना. एक माणूस इतरांकडून आपली घाण उपसून घेत होता आणि वर शिकवत होता. दुसरा त्याला हां म्हणत होता. पहिल्याला निदान लाज नव्हती. दुसऱ्याला होती, आणि तो ती गिळत होता.

एकवीस पोती झाली. शिवाय शेडमधे तीन कॅन निघाले. पावसाळ्यात खड्डा भरायचा तेव्हा ड्रायव्हरनं त्यांत तेल साठवलं होतं. आता हे न्यायचं कुठं, हा प्रश्न. विहीरवाल्यानंच सांगितलं की बसच्या डेपोत वर्कशॉप आहे, तिथं जुन्या तेलाचे ड्रम भरतात आणि महिन्याला तेल घेणाऱ्या कंपनीची गाडी येऊन घेऊन जाते.

डेपोचं नाव निघताच ड्रायव्हरचा चेहरा उतरला. तिथल्या वर्कशॉपचा फोरमन त्याच्याबरोबरीचा होता. फोरमन बसखाली असायचा तेव्हा ड्रायव्हर आपल्या सीटवरून पाय लोंबकळत सोडून "ए तेलकट" म्हणून हाक मारायचा. बत्तीस वर्षं. त्याची बस ओरखड्याविना राहिली त्यात ओरखडे रातोरात घालवणाऱ्यांचाही हात होता, पण ते कधी त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

"मी कशाला येऊ?" तो म्हणाला. "तुम्ही जा. माझं नाव सांगा."

"तुमचं नाव सांगून चालणार असतं तर विहिरीलाच सांगितलं असतं," थोरली म्हणाली.

स्वतःच्या गाडीत कॅन घ्यायला तो तयार नव्हता. सीट खराब झाली असती. म्हणून धाकट्यानं वखारीचा टेम्पो आणला. ड्रायव्हर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पुढं बसला. धाकटी मागं पोत्यांवर बसली, कॅन पायांत धरून.

वर्कशॉपच्या दारात फोरमन चहा पीत होता. डोक्याचे केस पांढरे, नखं मात्र तशीच काळी. त्यानं ड्रायव्हरला ओळखलं, आणि ओळखूनही आधी चहा संपवला.

"फोरमनसाहेब," ड्रायव्हर म्हणाला. साहेब हा शब्द तोंडातून काढताना त्यानं खाकरून घेतलं. "थोडं जुनं तेल होतं."

फोरमननं आधी टेम्पोत डोकावून पोती बघितली. मग कॅन खाली घ्यायला लावले. पहिल्याचं झाकण उघडून वास घेतला. "यात आधी काय होतं?"

"तेलच."

"यात?"

ड्रायव्हर थांबला. "कूलंट असावं. रेडिएटरचं."

"मग हा बाजूला. तेलात दुसरं काही मिसळलं की ते घेत नाहीत. तुमच्या एका कॅनपायी माझा अख्खा ड्रम परत येईल." त्यानं तिसऱ्या कॅनमधे काडी बुडवली, वर काढून उजेडात फिरवली. "ह्यात पाणी नाही. हे दोन चालतील. पुढच्या वेळी कोरडा, स्वच्छ, झाकणाचा कॅन. फिल्टर एक दिवस उलटा ठेवून निथळायचा आणि तोही आणायचा, कचऱ्यात नाही टाकायचा. पोत्यांतली माती त्या ताडपत्रीवर ठेवा. ती वेगळ्या गाडीनं जाते, मला कागद करायला लागेल." आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बत्तीस वर्षं इथं होतात. बसचं तेल काढल्यावर जातं कुठं, कधी बघितलं नाहीत?"

"ते आमचं काम नव्हतं."

"नव्हतंच," फोरमन म्हणाला. "ओता आता."

ड्रायव्हरनं कॅन उचलला आणि ड्रमवरच्या नरसाळ्यात एकदम उपडा केला. तेल घळाघळा आलं, नरसाळं तुंबलं, आणि काठावरून काळा ओघळ ड्रमच्या अंगावरून खाली फरशीवर आला. दोन पोरसवदा मेकॅनिक काम थांबवून बघायला लागले. फोरमननं कोपऱ्यातली भुश्शाची बादली पायानं सरकवत आणली आणि ड्रायव्हरच्या बुटांपाशी थांबवली.

"टाका. शोषलं की भरून घ्या. मग फडक्यानं पुसा."

ड्रायव्हरनं आजूबाजूला बघितलं. हे काम करायला नेहमी कुणीतरी असायचं. धाकटा पुढं सरकलाच होता. धाकटीनं त्याची बाही धरली.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यांना येतं."

ड्रायव्हर गुडघ्यांवर बसला. गुडघे वाजले ते सगळ्यांनी ऐकलं. तो भुस्सा पसरत होता, आणि पांढऱ्या शर्टाचं टोक तेलात लोळत होतं. धाकटीनं हे दृश्य गेले आठ दिवस मनातल्या मनात कितीदा बघितलं होतं. आता ते समोर होतं तर तिला एक टक्कल दिसलं, घामानं चिकटलेले चार केस, आणि फरशी पुसायची सवय नसलेला हात, जो घाण गोळा करण्याऐवजी पसरवत होता. तिला आनंद झाला नाही. कीवही आली नाही. एवढंसं काम या माणसाला येत नाही, आणि एवढ्याशा माणसाला आपण इतकी वर्षं घाबरलो, याचीच तिला किळस आली.

मग फोरमन तिच्याकडं वळला. "विहिरीचं काय करताय?"

"उपसतोय," ती म्हणाली. "रोज पंधरा-वीस मिनिटं मोटर लावून सगळं बाहेर काढतोय."

"सोडता कुठं?"

"ओढ्यात."

बोलल्यावर तिला कळलं. ओढा कोरडा होता, पण खालच्या वळणावर एक डबकं होतं, आणि तिथं खालच्या वस्तीची गुरं पाण्यावर यायची. पाच दिवस ती मोटर लावत होती आणि पाइपाचं तोंड स्वतःच्या हातानं ओढ्याकडं वळवत होती.

फोरमननं तिच्याकडं बघितलं. मघाशी ड्रायव्हरकडं बघितलं होतं, अगदी तसंच बघितलं. त्यात कणभर फरक नव्हता. तिची कानशिलं गरम झाली.

"मोटर बंद करा," तो म्हणाला. "आधी तवंग उचला. गोणपाटाच्या पट्ट्या सोडा, भुश्शाच्या पिशव्या सोडा, पिळू नका, पोत्यात भरून इकडं आणा. कपारीवर पण पट्टी दाबून ठेवा, रोज बदला. पाणी लगेच नितळेल असं समजू नका. ह्या वर्षी तरी कुणी पिऊ नका."

परतताना ड्रायव्हर पुढच्या सीटवर शर्टाचं तेलकट टोक चोळत होता. गाव यायला दोन मैल राहिले तेव्हा त्याला वाचा फुटली. "वर्कशॉप ठेवायची रीत राहिली नाही," तो भावाला म्हणाला. "नरसाळं बघितलंस? किती लहान."

"हां दादा," धाकटा म्हणाला.

धाकटी टेम्पोतून उतरली ती तशीच चालत ओढ्याच्या वळणावर गेली. डबक्याच्या काठाला काळी कड आली होती. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत ती गुडघाभर चिखलात उभी राहून वखारीच्या भुश्शानं ती कड भरून घेत होती. खालच्या वस्तीतली एक म्हातारी काठावर येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, हे कुणी केलं. धाकटी म्हणाली, "मी." म्हातारीनं आपली म्हैस वळवली आणि नेली. त्या पाठमोऱ्या जाण्यात जे होतं ते धाकटीनं निमूट घेतलं.

त्यानंतर पट्ट्यांचं काम रोजचं झालं. विहीरवाला सकाळी येऊन कपारीवरची पट्टी बदलायचा, दोघी जावा वरून गोणपाट ओढून घ्यायच्या. पाणी पंचायतीच्या टाकीवरून यायचं, डोक्यावरून, दिवसाला चार खेपा. रोपं निम्म्याहून जास्त गेली. जी उरली ती धाकटीनं टाकीच्या पाण्यावर ठेवली, मोजून, वाटीनं.

पंधरा दिवसांनी एका सकाळी ती नव्या पट्ट्या कापत असताना तिला अंगणातून ओळखीचा आवाज आला.

"कॅन कोरडा पाहिजे. स्वच्छ. झाकणाचा," ड्रायव्हर सांगत होता. गल्लीतले चारजण उभे होते, मास्तर पुढं. "तेलात दुसरं काही मिसळायचं नाही. फिल्टर एक दिवस उलटा ठेवायचा. लोकांना काय, दिसला खड्डा की ओतला! अहो, पाण्याचा विचार कोण करणार?"

"हे शाळेत येऊन सांगा मुलांना," मास्तर भारावून म्हणाले. "तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं सांगितलं तर फरक पडतो."

"बघू," ड्रायव्हर म्हणाला. "वेळ काढायला लागेल."

धाकटीच्या हातातली पट्टी तशीच राहिली. तिला वाटलं, जाऊन काहीतरी बोलावं, आणि काय बोलायचं तेही तिला सुचत होतं. पण तिच्या आधी थोरली घराबाहेर आली. तिच्या हातात दोर होता आणि खांद्यावर नवं गोणपाट.

"अहो," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "विहीरवाल्याला ताप आहे, तो येणार नाही. कपारीची पट्टी भरलीय. उतरा."

"मी?"

"इथं तुमच्याइतकं कळणारं दुसरं कोण आहे?"

मास्तरांनी पायातल्या चपलेकडं बघितलं. कंपाउंडरला काहीतरी आठवलं आणि तो निघाला. ड्रायव्हरनं विहिरीकडं बघितलं. मग त्यानं शर्ट काढला, घडी घातली आणि ठेवायला जागा न सापडल्यानं मास्तरांच्या हातात दिला. थोरलीनं त्याच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. कठड्याच्या दगडाला एक वळसा घालून दोराचं दुसरं टोक धाकटीनं हातात घेतलं, मागं थोरली.

तो कड्यांवर पाय ठेवत खाली गेला. आधी खांदे गेले, मग टक्कल, मग काहीच नाही. दोर ताठ झाला आणि त्याचं वजन धाकटीच्या तळव्यांत आलं. मग खालून, दगडांत घुमत, आवाज आला.

"दोर असा नाही धरायचा! ढिला सोडा जरा... ढिला नाही, अगं, किती ढिला! दोन्ही हातांनी धर. मी सांगतो तसं धर."

धाकटीनं पाय रोवले आणि दोर पहिल्यासारखाच धरून ठेवला. खाली तो बोलतच होता.